सूक्ष्मनियंत्रकाची निद्रावस्था व समयक-जागृती

सूक्ष्मनियंत्रकाची निद्रावस्था व समयक-जागृती : गणन करणारा मध्यवर्ती विभाग, स्मृती, समयक आणि बाह्य उपकरणांशी संबंध जोडणारी मंडले एकाच चिपेवर सामावलेल्या छोट्या संगणकास सूक्ष्मनियंत्रक किंवा मायक्रोकंट्रोलर म्हणतात. काम नसेल त्या काळात त्याचे बहुतेक विभाग थांबवून विद्युत् शक्ती वाचविली जाते. या स्थितीस निद्रावस्था असे नाव आहे. निद्रेतही चालू ठेवलेला समयक म्हणजे टायमर ठरावीक काळ लोटला की एक संकेत देतो आणि त्या संकेताने मध्यवर्ती विभाग पुन्हा कार्यान्वित होतो. चालू क्रम थांबवून दुसऱ्या कामाकडे वळविणाऱ्या अशा संकेतास व्यत्यय किंवा इंटरप्ट म्हणतात. विद्युत् घटावर वर्षानुवर्षे चालणारी मापनयंत्रे, पाण्याची मीटरे, स्वयंचलित हवामान केंद्रे, वैद्यकीय उपकरणे इत्यादींचे कार्य या तत्त्वावर अवलंबून असते.

गरज व स्वरूप : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस मुकुंदवाडी व चिकलठाणा हे परिसर असून चिकलठाणा येथे भारत हवामानशास्त्र विभागाची वेधशाळा आहे. देशातील अशा वेधशाळांत निरीक्षक ठरलेल्या वेळी उपकरणांची वाचने घेतात. सकाळी ८·३० वाजता मागील २४ तासांचा पाऊस मोजला जातो व सायंकाळी ५·३० वाजता पुन्हा निरीक्षणे होतात. दोन निरीक्षणांच्या मधल्या वेळात निरीक्षकाने उपकरणापाशी उभे राहण्याचे कारण नसते. मात्र ठरलेली वेळ चुकवून चालत नाही. सूक्ष्मनियंत्रकाकडून अपेक्षित असलेले वर्तन नेमके असेच असते.

गावोगावी निरीक्षक नेमणे शक्य नसल्याने स्वयंचलित केंद्रांचा अवलंब करावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पात २०१७ पासून स्कायमेट या खाजगी कंपनीच्या सहभागाने महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा यांची नोंद अशा केंद्रांत होते. या नोंदींवर शेतकऱ्याचे हित अवलंबून असते. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी.पेक्षा अधिक पाऊस झाल्यास राज्यात तो अतिवृष्टी म्हणून गणला जातो व पीकहानीची पाहणी आणि मदत यांचा विचार त्या आधारे होतो. हवामानावर आधारित पीकविम्यातही केंद्राची नोंद निर्णायक असते. पावसाची ही नोंद घ्यावयाची असते ती बहुधा वादळी हवेत, म्हणजे तारांवरील वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो अशा वेळी. म्हणून केंद्र स्वतःच्या विद्युत् घटमालेवर चालणे आवश्यक असते. सौर पट्ट घटमाला भारित करीत असला, तरी आठवडाभर ढगाळ राहिलेल्या आकाशाखाली तो फारसा उपयोगी पडत नाही. अशा वेळी साठविलेली शक्ती पुरविणे हा निद्रावस्थेचा उद्देश होय.

तत्त्व : समयकाचे कार्य घटिकापात्राच्या उदाहरणाने समजते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून पाणी शिरून ती २४ मिनिटांत भरे व बुडे. ही एक घटका होय. अहोरात्रात अशा ६० घटका होतात. वाटीजवळ बसलेल्या माणसाने ती सतत निरखण्याची गरज नसे. ती बुडाली की घटका भरल्याची नोंद करावयाची, वाटी रिकामी करावयाची आणि पुन्हा तरंगत ठेवावयाची एवढेच त्याचे काम असे [→ घड्याळ].

सूक्ष्मनियंत्रकातील समयक ही मोजणारी वाटीच आहे. तीत पाण्याऐवजी आंदोलकाचे स्पंद साठतात. स्पंद मोजणाऱ्या भागास गणित्र म्हणतात. आठ बिटांचे गणित्र ० ते २५५ पर्यंत मोजते आणि २५६ व्या स्पंदास पुन्हा शून्यावर येते. यास अधिप्रवाह किंवा ओव्हरफ्लो म्हणतात. त्या क्षणी फ्लॅग म्हणून ओळखला जाणारा एक बिट १ होतो व त्यामुळे व्यत्यय निर्माण होतो. गणित्रातील आकडा आधी ठरवून दिलेल्या आकड्याशी जुळताच व्यत्यय देण्याचीही सोय बहुतेक समयकांत असते.

या कामासाठी ३२,७६८ हर्ट्‌झ वारंवारतेचा क्वॉर्ट्‌झ स्फटिक रूढ आहे. ही संख्या २ चा पंधरावा घात असल्याने ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक स्पंद मिळतो. मनगटी घड्याळांतही म्हणूनच हाच स्फटिक वापरतात. ही वारंवारता सूक्ष्मनियंत्रकाच्या मुख्य आंदोलकाच्या मानाने फार कमी असल्याने त्याला लागणारी शक्तीही अत्यल्प असते. आठ बिटांच्या गणित्रापूर्वी या वारंवारतेला १२८ ने भागल्यास गणित्र दर सेकंदाला भरते. १,०२४ ने भागल्यास ८ सेकंदांनी भरते. दहा मिनिटांचा अवकाश हवा असल्यास ८ सेकंदांचे ७५ अधिप्रवाह मोजावे लागतात. यांपैकी ७४ वेळा सूक्ष्मनियंत्रक क्षणभर जागा होऊन केवळ एक आकडा वाढवितो व पुन्हा निद्रिस्त होतो. पंच्याहत्तराव्या वेळी तो प्रत्यक्ष मापन करतो. अलीकडच्या अनेक सूक्ष्मनियंत्रकांत दिनांक व वेळ ठेवणारे स्वतंत्र घड्याळ-मंडल असते आणि त्यात गजराची वेळ भरता येते. तेथे मधल्या जागृतींची गरज उरत नाही.

निद्रेत शक्ती वाचते ती कशी, हे पूरक धातू-ऑक्साइड अर्धसंवाहक (सीमॉस) मंडलांच्या गुणधर्मावरून कळते. अशा मंडलातील शक्तिव्यय मुख्यतः स्थिती बदलताना होतो. तो धारणक्षमता, विद्युत् दाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. स्पंद थांबविले की हा व्यय थांबतो व फक्त सूक्ष्म गळती-प्रवाह शिल्लक राहतो. विद्युत् दाब टिकून असेपर्यंत स्मृतीतील माहितीही तशीच राहते.

इतिहास : टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीचा टीएमएस १००० हा सूक्ष्मनियंत्रक १९७४ मध्ये बाजारात आला. इंटेल कंपनीने १९७६ मध्ये ८०४८ व १९८० मध्ये ८०५१ हे सूक्ष्मनियंत्रक काढले. ८०५१ च्या मूळ रचनेत वापरलेले तंत्र स्पंद असोत वा नसोत, सतत प्रवाह घेणारे होते. त्याची सीमॉस आवृत्ती ८०सी५१ हिच्यात दोन काटकसरी अवस्था उपलब्ध झाल्या. पहिलीत मध्यवर्ती विभागाचे स्पंद बंद होत, पण समयक चालू राहत आणि कोणताही मान्य केलेला व्यत्यय ती अवस्था संपवी. दुसरीत आंदोलकच बंद होई. त्यामुळे प्रवाह फारच घटे; परंतु समयकही थांबत असल्याने तो जागृती देऊ शकत नसे व मूळ रचनेत बाहेरून पुनःस्थापन म्हणजे रीसेट करणे हाच एक मार्ग उरे. निद्रा जितकी गाढ तितकी जागृतीची साधने कमी, हा या तंत्रातील मूलभूत पेच तेव्हाच स्पष्ट झाला होता. मुख्य आंदोलक बंद ठेवून केवळ मंदगती स्फटिकावरचा समयक चालविणे हा त्यावर निघालेला मध्यम मार्ग होय. १९९० नंतरच्या काळात एमएसपी ४३०, एव्हीआर इ. कुलांतील सूक्ष्मनियंत्रकांनी तो रूढ केला.

भारतात सी-डॅक या संस्थेने रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारित वेगा प्रक्रियक व थेजस-३२ हा सूक्ष्मनियंत्रक विकसित केला आहे. या आज्ञासंचात व्यत्यय येईपर्यंत थांबण्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील नाइलिट (पूर्वीची सीईडीटीआय) या केंद्र शासनाच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिकी अभिकल्प व अंतःस्थापित प्रणाली या विषयांचे शिक्षण दिले जाते.

निद्रावस्थेचे प्रकार : निरनिराळ्या कुलांत अवस्थांची नावे व संख्या भिन्न असली, तरी त्यांचे तीन वर्ग पडतात. (१) हलकी निद्रा : मध्यवर्ती विभाग थांबतो, मुख्य आंदोलक व समयक चालू राहतात. जागृती तत्काळ होते, पण बचत मर्यादित असते. (२) मध्यम निद्रा : मुख्य आंदोलक बंद असतो आणि मंदगती स्फटिकावरचा समयक चालू राहतो. समयक-जागृतीसाठी हीच अवस्था सर्वाधिक उपयुक्त ठरते. (३) गाढ निद्रा : सर्व आंदोलक बंद असतात. बाह्य संकेत, पुनःस्थापन किंवा स्वतंत्रपणे चालणारा पहारेकरी समयक (वॉचडॉग टायमर) यांनीच जागृती होते.

एटीमेगा ३२८पी या बहुप्रचलित सूक्ष्मनियंत्रकाचे उत्पादकाने दिलेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. १·८ व्होल्ट दाब, १ मेगॅहर्ट्‌झ वारंवारता व २५° से. तापमान असता कार्यरत स्थितीत त्याला ०·२ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. स्फटिकावरचा समयक चालू असलेल्या मध्यम निद्रेत तो ०·७५ मायक्रोअँपिअर, तर गाढ निद्रेत ०·१ मायक्रोअँपिअर होतो. म्हणजे वेळेचे भान राखूनही प्रवाह सु. २६० पटींहून अधिक घटतो.

जागृतीचा क्रम : निद्रेत जाण्यापूर्वी समयक सुरू करणे, त्याच्या व्यत्ययास मान्यता देणे, सर्व व्यत्ययांची मुख्य कळ उघडणे व अवस्थेची निवड करणे ही कामे आज्ञावलीने करावयाची असतात. त्यानंतर निद्रेची आज्ञा दिली जाते. गणित्र भरताच फ्लॅग उभा राहतो व मुख्य आंदोलक सुरू होतो. रोध-धारित्र प्रकारचा आंतरिक आंदोलक काही मायक्रोसेकंदांत स्थिर होतो. स्फटिकाच्या मुख्य आंदोलकास काही मिलिसेकंद लागू शकतात. त्यानंतर मध्यवर्ती विभाग व्यत्यय-सेवेचा आज्ञाक्रम पार पाडतो आणि निद्रेच्या आज्ञेच्या पुढील आज्ञेपासून मूळ काम सुरू करतो.

एमएसपी ४३० या कुलात एक विशेष आहे. तेथे निद्रेची अवस्था दर्शविणारे बिट स्थिति-नोंदकात असतात व व्यत्ययाच्या वेळी तो नोंदक स्टॅक या स्मृतिभागात जपून ठेवला जातो. व्यत्यय-सेवा संपताच जुनी स्थिती परत येते, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक पुन्हा निद्रिस्त होतो. त्याला जागेच ठेवावयाचे असल्यास स्टॅकमधील प्रतीतील ते बिट सेवेतच पुसावे लागतात. हे न केल्यास समयक नियमित चालू असूनही मुख्य आज्ञावली कधीच पुढे सरकत नाही.

शक्तिव्ययाचे गणित : दर दहा मिनिटांनी ३ सेकंद जागे होणारे एक मापनयंत्र कल्पिले, तर ते दिवसात १४४ वेळा मिळून ४३२ सेकंद, म्हणजे ७ मिनिटे १२ सेकंद जागे असते. हा काळ दिवसाच्या अर्धा टक्का आहे. जागेपणी संवेदकांसह १२ मिलिअँपिअर व निद्रेत २ मायक्रोअँपिअर प्रवाह लागत असल्यास सरासरी प्रवाह सु. ६२ मायक्रोअँपिअर येतो. यातील ६० मायक्रोअँपिअर जागेपणाचे व केवळ २ निद्रेचे असतात. २,४०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा विद्युत् घट सतत जाग्या यंत्रास २०० तास, म्हणजे जेमतेम आठ दिवस पुरेल; निद्रेचा अवलंब केल्यास तोच हिशेबाने सु. ४·४ वर्षे पुरतो. घटाची आपोआप होणारी झीज धरता प्रत्यक्ष आयुष्य यापेक्षा कमी भरते.

काटकसर कोठे करावी हेही या गणितावरून दिसते. वरील यंत्रात निद्रेचा प्रवाह निम्मा केल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. जागेपणाचा काळ ३ सेकंदांवरून दीड सेकंदावर आणल्यास आयुष्य सु. साडेआठ वर्षांपर्यंत जाते. याउलट दिवसातून एकदाच जागे होणाऱ्या पाण्याच्या मीटरात जागेपणाचा सरासरी वाटा अर्ध्या मायक्रोअँपिअरहून कमी असतो. तेथे निद्रेचा प्रवाहच आयुष्य ठरवितो. दूरध्वनी जालातून माहिती पाठविणाऱ्या केंद्रात प्रेषकाला काही क्षण शेकडो मिलिअँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. म्हणून मापने वारंवार घेऊन ती स्मृतीत साठविणे व एकत्रितपणे प्रेषित करणे शक्तीच्या दृष्टीने लाभदायक ठरते.

पर्जन्यमापनातील विशेष प्रश्न : समयक-जागृती तापमान, आर्द्रता यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या राशींस पुरेशी पडते. पावसाचे तसे नाही. स्वयंचलित केंद्रांत बहुधा उलटणाऱ्या पात्राचा पर्जन्यमापक असतो. त्यातील जोडपात्राची एक बाजू ठरावीक पावसाने, उदा., ०·५ मिमी. ने भरली की पात्र उलटते, दुसरी बाजू नरसाळ्याखाली येते आणि लोहचुंबकामुळे एक स्विच क्षणभर मिटतो [→ पर्जन्यमापन]. हे मिटणे सेकंदाच्या लहानशा अंशापुरतेच असते. दहा मिनिटांनी जागे होऊन स्विच तपासणाऱ्या यंत्राला ते बहुतेक कधीच दिसणार नाही. यासाठी जागृतीची दोन साधने एकत्र योजावी लागतात : नियतकालिक मापनासाठी समयक आणि पात्राच्या प्रत्येक उलटीसाठी बाह्य व्यत्यय. निद्रेतही मोजू शकणारे स्वतंत्र गणित्र स्विचला जोडणे हा दुसरा मार्ग होय. स्विचचे पान मिटताना थरथरते व एका उलटीचे अनेक संकेत मिळू शकतात. म्हणून पहिल्या संकेतानंतरचे काही मिलिसेकंद दुर्लक्षिण्याची योजना करतात.

०·५ मिमी. च्या पात्रात ६५ मिमी. पाऊस म्हणजे १३० उलट्या होत. १३१ वी उलटी झाली म्हणजे नोंद ६५·५ मिमी. होऊन अतिवृष्टीची मर्यादा ओलांडली जाते. यांपैकी दोन उलट्या निसटल्या तर नोंद ६४·५ मिमी. राहते व तो दिवस अतिवृष्टीचा ठरत नाही. लक्षावधी स्पंदांत एखादा चुकणे घड्याळाला क्षम्य असले, तरी दोन उलट्यांची चूक एका संपूर्ण मंडळातील पिकांच्या नुकसानीबाबतचा निर्णय बदलू शकते.

जागृती चुकण्याची कारणे : (१) समयकाचे स्पंद बंद पाडणारी निद्रा निवडली जाणे. जुळणीच्या टेबलावर तपासणी-उपकरण जोडलेले असताना काही आंदोलक चालूच राहतात व दोष लपतो; उपकरण काढून घेतल्यावर तो प्रकट होतो.

(२) तपासणी व निद्रा यांच्या फटीत व्यत्यय येणे. काम शिल्लक नाही असे पाहून निद्रेची आज्ञा देण्यापूर्वीच्या क्षणी समयकाचा व्यत्यय येऊन गेला, तर सूक्ष्मनियंत्रक काम शिल्लक असूनही निद्रिस्त होतो. समयक एकदाच वाजणारा असल्यास तो कायमचा निद्रिस्त राहतो. यासाठी तपासणीच्या वेळी व्यत्यय रोखून धरतात व ते खुले करणारी आज्ञा आणि निद्रेची आज्ञा यांमध्ये काहीही ठेवीत नाहीत. एव्हीआर कुलात व्यत्यय खुले केल्यानंतरची एक आज्ञा हमखास पार पडते आणि मगच व्यत्यय स्वीकारला जातो. त्यामुळे ही फट बंद होते. आर्म कॉर्टेक्स-एम कुलात व्यत्यय रोखलेले असतानाही प्रलंबित व्यत्यय निद्रा मोडतो आणि त्याची सेवा मात्र व्यत्यय खुले केल्यावर होते.

(३) जागृतीनंतर फार लवकर पुन्हा निद्रा घेणे. एटीमेगा ३२८पी मध्ये स्फटिकावरचा समयक मुख्य आंदोलकापासून स्वतंत्र चालतो व त्याच्या व्यत्यय-मंडलास पूर्ववत होण्यास स्फटिकाचे एक आवर्तन, म्हणजे सु. ३०·५ मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ जाण्यापूर्वी पुन्हा निद्रेची आज्ञा दिल्यास पुढचा व्यत्यय येत नाही व सूक्ष्मनियंत्रक जागा होत नाही. जागृतीतील काम एखादा आकडा वाढविण्याइतके लहान असते, नेमका तेव्हाच हा दोष संभवतो.

(४) विद्युत् दाब उतरणे. क्षीण झालेल्या घटावर निद्रा निर्वेध चालते. परंतु जागे होताच वाढलेल्या प्रवाहाने दाब कोसळतो व यंत्र पुनःस्थापित होते. त्यामुळे केंद्र पुनःपुन्हा सुरू होते, पण मापन पूर्ण करू शकत नाही.

या सर्वांवर दुसरा पहारा म्हणून पहारेकरी समयक ठेवतात. त्याचा आंदोलक स्वतंत्र असतो. मुख्य आज्ञावलीने ठरावीक काळात त्याला शून्यावर आणले नाही, तर तो संपूर्ण यंत्र पुनःस्थापित करतो.

कालमापनाची अचूकता : रोध-धारित्र आंदोलकाची वारंवारता तापमान व विद्युत् दाब यांनुसार बरीच बदलते. तीत १० टक्के चूक असल्यास दहा मिनिटांमागे एक मिनिटाचा व दिवसात २ तास २४ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून नोंदीची वेळ त्यावर ठरवीत नाहीत. स्फटिकाची चूक फार लहान असते, परंतु शून्य नसते. ३२,७६८ हर्ट्‌झच्या स्फटिकाची वारंवारता २५° से. च्या सुमारास कमाल असते व तेथून दोन्ही बाजूंस तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दर अंश वर्गास हे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ०·०३४ भाग असते. ४५° से. तापमानात घड्याळ दिवसाला सु. १·२ सेकंद मागे पडते. मे महिन्यात मराठवाड्यातील तापमान ४०° से. वर जाते व उन्हात ठेवलेल्या पेटीचे अंतरंग त्याहूनही तापते. ते ६०° से. राहिल्यास हा फरक दिवसाला सु. ३·६ सेकंद होईल. संदेशवहन-जालाकडून किंवा उपग्रहांकडून वेळ घेऊन तो अधूनमधून दुरुस्त करता येतो.

याहून मोठी चूक आज्ञावलीच्या मांडणीमुळे होते. ३ सेकंदांचे काम संपल्यावर ६०० सेकंदांची निद्रा मोजण्यास नव्याने सुरुवात केली, तर प्रत्येक आवर्तन ६०३ सेकंदांचे होते. दिवसाअखेर केंद्र सु. ७ मिनिटे मागे पडते व १४४ वे वाचन त्या दिवसात बसत नाही. बुडालेली वाटी पुन्हा तरंगत ठेवण्यास लागणारा वेळ घटकेत धरला जात नाही, तसाच हा दोष आहे. गणित्र न थांबविता चालू ठेवणे आणि जुळवावयाचा आकडा दर वेळी समान अंतराने पुढे नेणे हा त्यावरील उपाय होय.

अन्य उपयोग : समयक-जागृतीचे सर्वांत दीर्घ व धाडसी प्रयोग अवकाशयानांत झाले आहेत. यूरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा हे यान सूर्यापासून दूर गेल्यावर सौर पट्टांची शक्ती अपुरी पडणार असल्याने ८ जून २०११ रोजी निद्रिस्त करण्यात आले. सु. ३१ महिने त्याच्याशी संपर्क नव्हता. २० जानेवारी २०१४ रोजी ग्रिनिच वेळेनुसार सकाळी १० वाजता यानावरील समयकाने त्याला जागे केले व पृथ्वीपासून सु. ८० कोटी किमी. अंतरावरून निघालेला त्याचा संकेत त्याच दिवशी १८·१८ वाजता येथे पोहोचला. चंद्रयान-३ मोहिमेतील विक्रम हे अवतरक यान चांद्ररात्रीपूर्वी, ४ सप्टेंबर २०२३ रोजी निद्रिस्त करण्यात आले होते. तेथे जागृती सूर्यप्रकाश परत येण्यावर व अतिशीत रात्रीत उपकरणे टिकण्यावर अवलंबून होती. २२ सप्टेंबरपासून संपर्काचे प्रयत्न झाले, परंतु प्रतिसाद मिळाला नाही. समयक वेळ देऊ शकतो. जागे होण्यास लागणारी शक्ती व सुस्थितीतील उपकरणे ही मात्र वेगळी राखावी लागतात.

नोंदींचा अर्थ : निद्रिस्त केंद्र व बंद पडलेले केंद्र बाहेरून सारखेच दिसतात; दोन्ही निःशब्द असतात. म्हणून सुरचित केंद्र प्रत्येक जागृतीस अनुक्रमांक देते व वाचनाबरोबर घटाचा विद्युत् दाब आणि शेवटच्या पुनःस्थापनाचे कारण पाठविते. अनुक्रमांकांत खंड दिसल्यास केंद्र किती वेळा जागे झाले नाही ते कळते. दाब उतरत असल्यास घट बदलण्याची पूर्वसूचना मिळते. माहिती साठविणाऱ्या संगणकातही ‘पाऊस शून्य’ आणि ‘नोंद नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या चिन्हांनी दर्शविल्या पाहिजेत. न आलेल्या वाचनाच्या जागी शून्य भरले गेल्यास जागृती चुकल्याचा यांत्रिक दोष पाऊस न पडल्याचा पुरावा बनतो आणि त्याचा भार ज्याच्या शेतात पाणी साचले आहे त्याच्यावर पडतो. अशा वेळी शेजारच्या मंडळांतील केंद्रे, निरीक्षकाकडील साधा पर्जन्यमापक व रडारची माहिती यांवरून पडताळा घेणे आवश्यक असते. केंद्राची विश्वसनीयता पारखताना घट किती वर्षे टिकला याइतकेच, अपेक्षित १४४ जागृतींपैकी किती प्रत्यक्षात घडल्या हेही पाहावे लागते.